झाड पडलं गाडीवर, आता क्लेम करू का?

प्रश्न: आमची 2013 ची वॅगनआर सोसायटीत उभी होती, वादळात गुलमोहराची फांदी पडली, टप चेपला, पुढची काच फुटली, बंपर गेला. गॅरेजवाला 62 हजार सांगतोय, पॉलिसीत आयडीव्ही (विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत) 1 लाख 40 हजार आहे. गाडी भंगारात जाईल का, की खिशातूनच करावं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: अहो, भंगाराचं टेन्शन घेऊ नका, टोटल लॉस (गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असं) धरतात ते दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला तर, म्हणजे तुमच्या बाबतीत 1 लाख 5 हजार. पण आधी बघा पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) आहे ना, नुसती थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारी) असेल तर विषयच संपला.

आता खरी गोम घसाऱ्यात, म्हणजे जुनेपणापायी पार्टच्या किमतीत होणाऱ्या कपातीत आहे. गाडी 10 वर्षांच्या वर, म्हणून पत्र्याच्या पार्टला निम्मेच मिळणार, प्लास्टिक-रबरलाही निम्मेच, काचेला मात्र घसारा नाही, मजुरीलाही नाही. वरून 1000 रुपये सक्तीचे तुमच्या खिशातले. म्हणून गॅरेजवाल्याला सांगा की पार्ट, मजुरी, रंग वेगवेगळं लिहून दे, एकरकमी आकड्यावरून काहीच कळत नाही (आणि हे लोक मुद्दाम तसंच देतात, असं माझं मत).

क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी प्रीमियममधली सूट) जातो, पण जुन्या गाडीचा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम मुळात कमी, त्यामुळे तो तोटा तसा फार नसतो. मी तरी क्लेम करीन. फक्त फोटो काढा, कंपनीला आजच कळवा आणि सर्व्हेअर (नुकसान तपासणारा विम्याचा माणूस) बघून जाईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका.