केबल काढून लावली की ‘परमिशन डिनाइड’ परत का येतं?

तुमचा प्रश्न असा: उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) आर्डुइनो नॅनो या छोट्या सर्किट बोर्डात यूएसबी केबलने प्रोग्राम टाकताना ‘परमिशन डिनाइड’ येतं, सीएचमॉड ६६६ (फाइल सगळ्यांना वाचू-लिहू देणारी कमांड) दिलं की चालतं, केबल काढून लावली की पुन्हा तेच.

पुन्हा येणारच. बोर्डाच्या पोर्टसाठी ‘/डेव्ह’ फोल्डरमध्ये जी फाइल दिसते, ती डिस्कवर नसतेच. केबल काढली की ती जाते, लावली की कर्नल (लिनक्सचा गाभा) नवी बनवतो आणि यूडेव्ह हा जोडलेली उपकरणं सांभाळणारा प्रोग्राम आपल्या नियमांप्रमाणे तिला ग्रुप आणि परवानगी लावतो. तुमचं ६६६ जुन्या फाइलबरोबर गेलं.

‘एलएस -एल’ कमांडने ती फाइल, म्हणजे ‘टीटीवाययूएसबी०’, बघा: मालक रूट (ॲडमिन), ग्रुप डायलआउट, परवानगी ६६०, म्हणजे मालक आणि ग्रुप सोडून कोणालाच नाही. म्हणजे तुम्ही डायलआउटमध्ये हवेत, बस्स. (आर्च या दुसऱ्या लिनक्सवर हाच ग्रुप ‘यूयूसीपी’ नावाने असतो.) सुडो (रूटच्या हक्काने कमांड चालवणं) लावून युजरमॉड ही कमांड चालवा: आधी छोटा ‘ए’ आणि मोठा ‘जी’ हे पर्याय, मग डायलआउट, मग तुमचं युजरनेम. छोटा ‘ए’ विसरलात तर बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपांतून बाहेर पडाल, सुडोमधूनसुद्धा. मग रिकव्हरी मोडमध्ये जाऊन निस्तरत बसा.

इथेच बहुतेक जण अडकतात: ग्रुपांची यादी लॉगिन होतानाच घेतली जाते. टर्मिनल बंद करून उघडल्याने काही होत नाही, आणि कधीकधी लॉगआउटही पुरत नाही, कारण सिस्टमडीची (सिस्टम सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) तुमच्या नावाची प्रोसेस मागे जिवंत राहते. सरळ रीबूट करा आणि ‘आयडी’ कमांडच्या उत्तरात डायलआउट दिसतंय का ते पाहा.

मशीन अनेकजण वापरत असतील तर मात्र डायलआउट नको. त्याने सगळेच सीरियल पोर्ट खुले होतात. त्यापेक्षा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी (यूएसबी उपकरणाचे ओळख क्रमांक) जुळवून ‘यूॲक्सेस’ टॅग लावणारा यूडेव्ह नियम लिहा. मग समोर बसून लॉगिन केलेल्यालाच परवानगी मिळते आणि ‘एलएस’मध्ये परवानगीच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसतं. फाइलचं नाव ७० ने सुरू करा. टॅगची दखल ७३ क्रमांकाच्या फाइलीत घेतली जाते, त्यामुळे त्यानंतर येणारा ९९ वाला नियम मुकाट वाया जातो. एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून) येणाऱ्याला याचा उपयोग नाही, त्याला ग्रुपच लागेल.

आणि ‘टीटीवाययूएसबी०’ दिसून लगेच गायब होत असेल, तर तो परवानगीचा प्रश्नच नाही. स्वस्त नॅनोवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० चिप असते, आयडी १ए८६:७५२३. उबुंटू २२.०४ मध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ हा ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम तिला ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेतो. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) त्याचं नाव दिसलं आणि घरात ब्रेल डिस्प्ले कोणी वापरत नसेल, तर ते पॅकेज काढून टाका आणि केबल पुन्हा लावा.