‘कंपोज डाउन’नंतर डेटाबेस रिकामा का होतो

तुम्ही लिहिलंय की डॉकर कंपोजवर (अनेक प्रोग्राम एका फाइलवरून एकत्र चालवणारं साधन) संध्याकाळी ‘कंपोज डाउन’ करून सगळं बंद करता, सकाळी ‘अप’ करून सुरू करता आणि पोस्टग्रेस डेटाबेसमधली सगळी टेबलं गायब असतात. घाबरू नका, तो डेटा बहुधा अजून तुमच्या डिस्कवरच आहे.

नुसतं स्टॉप किंवा रीस्टार्ट केल्याने डेटा जात नाही. ‘डाउन’ मात्र कंटेनरच, म्हणजे प्रोग्राम ज्यात चालतो तो डॉकरचा डबाच, काढून टाकतं. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) डेटा फोल्डरसाठी व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेर डेटा साठवायची जागा, आधीच जाहीर केलेला आहे. तुम्ही नाव दिलं नाही, तर डॉकर बिननावाचा व्हॉल्यूम बनवतो. सकाळी नवा कंटेनर येतो तो नवा, कोरा व्हॉल्यूम घेऊन, आणि कालचा तसाच पडून राहतो. व्हॉल्यूमची यादी दाखवणारी ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ ही कमांड चालवून बघा, लांबलचक हेक्स नावांची (0 ते 9 आणि a ते f यांची) रांग दिसेल. म्हणून आत्ता ‘व्हॉल्यूम प्रून’ अजिबात चालवू नका. ते वापरात नसलेले बिननावाचे व्हॉल्यूमच आधी उडवतं.

उपाय म्हणजे व्हॉल्यूमला नाव द्यायचं. कंपोज फाइलच्या तळाशी ‘पीजीडेटा’ असा व्हॉल्यूम जाहीर करा आणि पोस्टग्रेसच्या सर्व्हिसमध्ये (त्या फाइलमधल्या त्याच्या नोंदीत) तो डेटा फोल्डरला जोडा. इथे पाथ अचूक हवा. पोस्टग्रेस 17 पर्यंत तो ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल/डेटा’ आहे. 18 च्या इमेजपासून शेवटचा ‘डेटा’ गाळून एक पायरी वर जोडायचं. जुनी फाइल जशीच्या तशी उचलणारे इथेच अडकतात.

आता ‘डाउन’ निर्धास्त करा, पण त्यापुढे ‘-व्ही’ लावू नका, नाहीतर नाव दिलेला व्हॉल्यूमही जाईल. प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव बदलतानाही जपा. कंपोज तेच नाव व्हॉल्यूमच्या आधी जोडतं, त्यामुळे नाव बदललं की पुन्हा कोरा डेटाबेस समोर येतो.

आणखी एक गोष्ट, जिच्यापायी माझा अर्धा दिवस गेला होता: कंपोज फाइलच्या एन्व्हायर्न्मेंट भागात दिलेला पासवर्ड आणि सुरुवातीच्या एसक्यूएल स्क्रिप्ट फक्त डेटा फोल्डर रिकामा असतानाच लागू होतात. व्हॉल्यूम भरल्यावर फाइलमध्ये पासवर्ड बदलून उपयोग नाही, तो डेटाबेसमध्ये शिरूनच बदलावा लागतो.

जुना डेटा हवा असेल, तर पोस्टग्रेसच्या त्याच मेजर आवृत्तीचा (जसं 17 किंवा 18) तात्पुरता कंटेनर एकेका हेक्स नावाच्या व्हॉल्यूमवर उभा करा. तुमची टेबलं सापडली की ‘पीजी डंप’ने डेटाची प्रत काढा आणि ती नव्या डेटाबेसमध्ये भरा. टेबलं नीट आली याची खात्री झाल्यावरच प्रून करा.