परक्या दात्याचा बोनमॅरो आणि ते ‘फिफ्टी-फिफ्टी’

ताई, तुमच्या धाकट्या भावाला एएमएल (झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग) आहे, केमोनंतर रेमिशन आलंय, म्हणजे आजार आटोक्यात आहे, घरात कुणाचंच एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळलं नाही आणि दात्यांच्या रजिस्ट्रीतून दहापैकी दहा जुळणारा दाता मिळालाय. डॉक्टर ट्रान्सप्लान्टचं ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणाले, आणि आत्या म्हणतात परक्याचं अंगी लागत नाही. सात वर्षांपूर्वी मी याच घालमेलीत होते. ह्यांचा ट्रान्सप्लान्ट मुंबईत झाला, दाता परकाच. आज आम्ही इंदूरला रामबागेतल्या घरी आहोत.

आत्यांना सांगा, सख्ख्या भावंडाचंही जुळायची शक्यता चारात एकच असते. तुमचं जुळलं नाही हा तुमचा दोष नाही. शरीर नातं बघत नाही, एचएलए बघतं. अमेरिकेतल्या 1988 ते 2003 मधल्या परक्या दात्यांच्या ट्रान्सप्लान्टचा अभ्यास 2007 मध्ये आला. त्यात एचएलएच्या आठच खुणा धरल्या होत्या. आठपैकी आठ जुळलेल्यांत वर्षानंतर 52 टक्के हयात होते, एक कमी जुळलं तर 43, दोन कमी तर 33. आकडे जुने आहेत, त्यानंतर उपचार बरेच सुधारलेत. शिवाय अशा सरासरीत आजार पुन्हा उलटल्यावर ट्रान्सप्लान्ट झालेलेही असतात. पहिल्या रेमिशनमधल्या माणसाची बाजू त्यांच्यापेक्षा भक्कम असते. तुमच्या भावाचं वय, त्याच्या ल्युकेमियाची जनुकीय तपासणी, एमआरडी (रेमिशननंतरही उरलेल्या आजाराच्या पेशी), हे धरून शक्यता किती, असं डॉक्टरांना विचारा.

मला तेव्हा कुणी नीट समजावलं नव्हतं ते जीव्हीएचडीचं. त्यात दात्याच्या पेशी आपल्याच माणसाच्या अवयवांवर हल्ला करतात. 2012 च्या एका अभ्यासात परक्या दात्याच्या रक्तातून घेतलेल्या पेशी आणि कमरेच्या हाडातून काढलेला मॅरो यांची तुलना होती. दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांत मोठा फरक नव्हता, पण जुनाट जीव्हीएचडी रक्ताच्या पेशींत 53 टक्के, मॅरोत 41. उलट पेशी न रुजण्याचं प्रमाण मॅरोत 9 टक्के, रक्तात 3. ह्यांना रक्तातल्या पेशी दिल्या होत्या. तोंड इतकं सोललं होतं की दीड वर्ष पोह्यांवर चिमूटभर जिरावण मसालाही चालला नाही. डोळ्यांचे थेंब आजही दिवसातून चार वेळा घालावे लागतात.

आता ट्रान्सप्लान्टनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जीव्हीएचडी रोखायला सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध देतात. 2023 मध्ये आलेल्या, सौम्य केमोनंतरच्या ट्रान्सप्लान्टच्या चाचणीत वर्षभरानंतर आजार न उलटता, गंभीर जीव्हीएचडीशिवाय हयात असलेले या पद्धतीत सुमारे 53 टक्के होते, जुन्या औषधांवर 35. हे तुमच्याकडे देणार का, ते जरूर विचारा.

ह्यांचे अठराव्या दिवशी पांढऱ्या पेशींचे काउंट 500 च्या वर गेले तेव्हा मी वॉर्डबाहेर बसून रडले, वाटलं सुटलो. खरी परीक्षा डिस्चार्जनंतर होती. इंदूरला परतल्यावर ह्यांना ताप आला आणि मी साधा व्हायरल समजून दोन दिवस घरीच ठेवलं. तो सीएमव्ही निघाला, प्रतिकारशक्ती कमी असताना डोकं वर काढणारा विषाणू. ही चूक माझी होती आणि ती आजही मला टोचते. तुम्ही ताप आला की पहाटे तीनलाही फोन लावा. शंभर दिवस हॉस्पिटलजवळच खोली घ्या आणि सीएमव्हीची तपासणी दर आठवड्याला होतेय ना, ते स्वतः बघा. भावाजवळ कोण राहणार, हे आत्ताच ठरवा. एकटीने तीन महिने काढणं फार जड जातं, वहिनींच्या जोडीला तुम्ही पाळीपाळीने राहा.