वाचकांचे प्रश्न : ‘नीस’ मंडळी आणि मुघलांचे दप्तर

प्रश्न : आमच्या दादरच्या चाळीत एकाच मजल्यावर चिटणीस आणि फडणीस अशी दोन बिऱ्हाडे आहेत. या आडनावांतला ‘नीस’ फारसी आहे, असे ऐकले. शाळेत तर मुघल साम्राज्य फौजेच्या बळावर चालले, असेच शिकलो. मग या लिहिणाऱ्यांचे महत्त्व खरोखर किती होते?
— एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. फौजेने मुलूख जिंकता येतो. परंतु कोणत्या परगण्याचा वसूल कोणाच्या पगाराला लावून दिला आहे याची नोंद नसेल, तर तीच फौज पुढे पोसता येत नाही. मुघलांच्या बहुतेक मनसबदारांना, म्हणजे दर्जानुसार नेमलेल्या अधिकाऱ्यांना, रोख पगाराऐवजी जहागिरीचा, म्हणजे नेमून दिलेल्या मुलखाचा, वसूल मिळे आणि जहागिरी वरचेवर बदलत, त्यामुळे हा हिशेब दप्तराखेरीज कोणालाच सांगता आला नसता.

अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फज्ल याने ‘आईन-इ-अकबरी’त एका हुकुमाचा प्रवास बारकाईने सांगितला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. अकबराच्या दरबारी चौदा वाकियानवीस, म्हणजे घडामोडी टिपणारे लेखनिक, होते. रोज दोघांची पाळी असे. बादशहा जे बोलेल, जे देईल, ते सारे ते टिपून घेत. ती टिपणे बादशहापुढे वाचली जात आणि त्याची मंजुरी मिळाल्यावरच प्रत्येक नोंदीची सहीनिशी नक्कल निघे, तिला ‘याददाश्त’ म्हणत. पुढे तिचा गोषवारा करून, त्यावर अनेक अधिकाऱ्यांच्या सह्या-शिक्के घेऊन, तो संबंधिताच्या हाती देत आणि याददाश्त दप्तरी ठेवून घेत. एकट्याने कागदात फेरफार करणे म्हणूनच कठीण होते.

भाषा मात्र बदलू शके. अकबराचा महसूलमंत्री तोडरमल याने १५८२ च्या सुमारास महसुलाचे दप्तर फारसीत आणले, तेव्हा कायस्थ आणि खत्री घराणी फारसी शिकून त्याच कामावर राहिली. उलट विजापुरात पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४–१५५८) हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत आणले.

शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये वाकनिसाला (वाकियानवीस तोच) ‘मंत्री’ आणि परराष्ट्र व्यवहार पाहणाऱ्या डबिराला ‘सुमंत’ ही संस्कृत नावे दिली, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही करवून घेतला. कामे तीच राहिली. ‘फडणवीस’ (त्याचेच ‘फडणीस’) हा शब्द तर इतका रुजला, की पेशवाईचा कारभार सांभाळणारे नाना १८०० मध्ये वारले तेही त्याच नावाने.