जसं बोलावं तसं वाटतं का?

या वेळी बोलणं, मन आणि श्रद्धा यांविषयी बरीच पत्रं आली. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आत्मविश्वास वाढावा म्हणून मी रोज सकाळी आरशासमोर ‘मला सगळं जमतं, मी कुठेच कमी नाही’ असं म्हणते. नेम मोडलेला नाही, पण म्हणून झालं की उलट उदासच वाटतं. नोकरीच्या मुलाखती तोंडावर आहेत. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमच्या नेमात काही खोट नाही, वाक्यात आहे. आपण काहीही बोललो की मन ते आठवणींशी ताडून बघतं. ‘मला सगळं जमतं’ म्हटलं रे म्हटलं की न जमलेल्या गोष्टी एकेक करून समोर येतात. वाक्य जितकं मोठं, तितके त्याच्याविरुद्धचे पुरावे जास्त, आणि आरशासमोरून हलताना तेच पुरावे डोक्यात राहतात. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे तपासलं. ज्यांचं स्वतःविषयीचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं घोकल्यावर त्यांना न घोकणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. ज्यांना स्वतःविषयी मुळातच बरं वाटत होतं, त्यांना थोडा फायदा झाला.

तेव्हा असं वाक्य निवडा, जे म्हणताना आतून ‘खोटं’ असं उत्तर येणार नाही. आधी घडलेली गोष्ट, मग त्याविषयी वाटणारं आणि शेवटी आजच होण्याजोगी लहानशी कृती, असे त्याचे तीन तुकडे करा. उदाहरणार्थ : ‘मागच्या मुलाखतीत अनुभवाविषयी विचारल्यावर मी अडखळले. त्याची धास्ती अजून आहे. आज ते उत्तर दोनदा मोठ्याने म्हणून बघेन.’ ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळं’, ‘काहीच’ हे शब्द त्यात येऊ देऊ नका. ‘मी घाबरट आहे’ असंही म्हणू नका, ‘मला आत्ता भीती वाटतेय’ म्हणा. पहिल्या वाक्याने भीती तुमचा स्वभाव ठरते, दुसऱ्यात ती येऊन जाणारी गोष्ट राहते.

मुलाखतीच्या दाराशी छाती धडधडू लागली की स्वतःला ‘शांत हो’ असं बजावू नका. धडधड हुकमाने थांबत नाही, मग ती थांबत नाही याचीच काळजी सुरू होते. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत भाषणाआधी ‘मी उत्सुक आहे’ असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची कामगिरी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. उत्सुकतेतही छाती धडधडतेच, त्यामुळे ते वाक्य शरीराला पटतं.

प्रश्न : राग आला की मनात ठेवू नये, बोलून मोकळं व्हावं, असं सगळे सांगतात. मी कार्यालयातल्या एकाविषयी घरी रोज बोलतो, पण रात्रीपर्यंत राग आणखी चढतो. असं का होतं?

उत्तर : कारण तुम्ही रागाची उजळणी करता. प्रसंग पहिल्यापासून सांगितला की शरीर तो पुन्हा भोगतं. २००२ साली ब्रॅड बुशमन यांनी केलेल्या प्रयोगात चिडलेल्या लोकांपैकी काहींना, ज्याच्यावर राग आहे त्याला डोळ्यांपुढे आणून ठोसे मारायची पिशवी बडवायला सांगितलं होतं. त्यांचा राग उतरला नाही, उलट सर्वांत जास्त राहिला. नुसते बसून राहिलेल्यांचा सर्वांत कमी होता.

भावनेला नेमकं नाव देण्याचा परिणाम मात्र वेगळा होतो. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं, की रागावलेला किंवा घाबरलेला चेहरा बघताना त्या भावनेसाठी शब्द निवडला की मेंदूतल्या धोक्याची दखल घेणाऱ्या अमिग्डला या भागाची हालचाल कमी होते. त्या चेहऱ्याच्या माणसाचं नाव निवडलं तर तसं होत नाही.

इथे हमखास एक गल्लत होते. ‘मला वाटतं, तो मुद्दाम माझा पाणउतारा करतो’ हे वाक्य ‘मला वाटतं’ने सुरू होत असलं तरी त्यात भावना नाही, आरोप आहे. ‘सर्वांसमोर चूक काढली तेव्हा मला अपमान वाटला’ हे भावनेचं वाक्य. रागाच्या खाली बहुधा दुसरं काही असतं : अपमान, डावलल्याचं दुःख, मत्सर, हतबलता, नोकरीची काळजी. एकेक शब्द मनात म्हणून बघा. बरोबर शब्द सापडला की खांदे सैल पडल्यासारखे वाटतात आणि काय करायचं हेही बरंचसं ठरतं, कारण अपमानावर बोलणं करावं लागतं आणि काळजीवर तयारी. घरी सांगायचंच असेल तर प्रसंग एकदाच सांगा, भावनेचं नाव सांगा आणि उद्या काय करणार ते सांगून विषय बदला.

खूप साचलं असेल तर लिहा. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८० च्या दशकातल्या पद्धतीत सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, शुद्धलेखनाकडे न बघता लिहायचं असतं. लिहून झाल्यावर थोडा वेळ जड वाटतं, त्याने बिचकू नका. तिसऱ्या दिवशीही तीच वाक्यं त्याच क्रमाने उतरत असतील तर मात्र थांबा. ती पुन्हा उजळणीच झाली.

प्रश्न : लहानपणापासूनची प्रार्थना तोंडपाठ आहे, पण आता ओठ हलतात आणि मन भलतीकडे असतं. शिवाय मनात शंका आहेत. शंका असताना असे शब्द म्हणणं ढोंग नाही का? आणि म्हणत राहिल्याने श्रद्धा परत येते का?

उत्तर : ढोंग नाही. प्रार्थनेतल्या सगळ्या ओळी एका जातीच्या नसतात. ‘तू दयाळू आहेस’ हे विधान आहे, ‘मला सांभाळ’ ही मागणी आहे आणि ‘मी खरं बोलेन’ हे वचन. शंका असेल तर विधान घशात अडकतं, पण मागणीला खात्री लागत नाही. ऐकणारं कुणी असेल का, हे ठाऊक नसतानाही माणूस प्रामाणिकपणे हाक मारू शकतो. सध्या तुमच्या प्रार्थनेतल्या मागणीच्या आणि वचनाच्या ओळी आधी म्हणा. विधानाच्या ओळी टाकू नका, पण त्यांवर मुक्काम नको.

यांत्रिकपणाचं मोठं कारण वेग. कोणताही शब्द भरभर उच्चारत राहिलं की थोड्याच वेळात त्याचा अर्थ विरतो आणि नुसता आवाज उरतो. संथपणे म्हणण्याचा परिणाम शरीरावरही दिसतो. २००१ साली इटलीत लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांना आढळलं, की जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना किंवा ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळते. म्हणजे एका श्वासाला सुमारे दहा सेकंद. तेव्हा एक ओळ एका उच्छ्वासात, हलक्या पण ऐकू येईल अशा आवाजात म्हणा, मग ओठ मिटून श्वास येऊ द्या. ओळ लांब असेल तर अर्थ तुटणार नाही अशा जागी दोन भाग करा. श्वास मुद्दाम खोल ओढलात तर गरगरतं, तो नेहमीइतकाच असू द्या. शेवटी आजच्या दिवसाविषयी एक वाक्य स्वतःच्या शब्दांत जोडा. कृतज्ञता वाटत नसेल तर ओढूनताणून आभार मानू नका, तक्रार करा. देवाजवळ केलेली तक्रार हाही देवाशी संवादच आहे.

श्रद्धा परत येईल असं वचन कुणी देऊ नये. एवढं खरं, की वारंवार कानावर पडलेली गोष्ट आपल्याला अधिक खरी वाटू लागते, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलं आहे. हे दोन्ही बाजूंनी घडतं. प्रार्थना पाच मिनिटं आणि ‘मला कुणी वाली नाही’ हे दिवसभर, असं असेल तर कोणतं वाक्य मुरेल ते उघड आहे. म्हणून दिवसभर तोंडी येणारी वाक्यं एकदा कागदावर उतरवून बघा.

प्रश्न : आई अलीकडे ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं म्हणते. अशुभ बोललं की तसंच घडतं, या भीतीने मी तिला लगेच ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करतो. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. बोलल्याने मरण ओढवत नाही, पण गप्प केल्याने मदतीची वाट बंद होते. तिचे शब्द सुधारू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा : ‘आई, तुला मरावंसं वाटतं का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, अभ्यासांतून हे स्पष्ट झालेलं आहे. उत्तर ‘हो’ असेल तर कसं आणि कधी, याचा विचार केलाय का तेही विचारा. तिला एकटी ठेवू नका, साठवलेल्या गोळ्या आणि विषारी औषधं घरातून हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उत्तर ‘नाही, कंटाळा आलाय’ असेल तर कशाचा, ते विचारा आणि ती थांबेपर्यंत मध्ये बोलू नका. पण झोप, जेवण किंवा बोलणं गेल्या दोन आठवड्यांत बदललं असेल, तर ‘नाही’ म्हटलं तरी डॉक्टरांना दाखवा.