पट्ट्याचं नंतर, आधी दराचं

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

लोकांच्या क्विल्ट (गोधड्या) मशीनवर शिवून देता देता धरलेल्या कमरेला कुठला पट्टा चांगला, एवढंच तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर एका ओळीचं आहे: कुठलाही आण, दोन दिवस बरं वाटेल. पण सोबत तू बेसमेंटचे फोटो पाठवलेस, आणि मी ते शनिवारपासून मोठे करकरून बघतेय. सिमेंटची उघडी फरशी. तू अनवाणी. क्विल्ट ताणून धरणारी मशीनची बारा फुटी फ्रेम भिंतीला इतकी चिकटवलेली, की मागून काम करताना तू अंग चोरूनच उभी राहत असशील. बॅटिंगचा, म्हणजे क्विल्टच्या आतल्या थराचा, रोल जमिनीवर आडवा. आणि फ्रेमच्या दांड्याला सुतळीनं बांधलेली ती वही. नोव्हेंबरसमोर चौदा नावं मोजली मी. तुझी कंबर त्या वहीनं धरली आहे, बाई.

मला हे कळायला स्वतः आडवं पडावं लागलं. २०१६ साली नाताळच्या आत बावीस क्विल्ट देते म्हणून कबूल करून बसले होते. एकोणिसावी फ्रेमवरून उतरवली, जमिनीवर पसरली, कडा कापायला वाकले आणि उसण भरली. (नंतर डॉक्टर म्हणाले, बॅक स्पॅझम. असेल. पण उसण म्हटलं की पाठीत खुंटी ठोकल्यासारखं जे होतं, ते त्या शब्दात नाही.) हे ऑफिसात, माझा फोन वर ओट्यावर. पाऊण तास मी क्विल्टशेजारी उताणी पडून फ्रेमच्या पोटाकडे बघत होते. मशीनखाली लिंटचे पुंजके लोंबत होते, एक गुलाबी दोऱ्याचं टोक होतं, रोलरच्या फटीत एक टाचणी अडकली होती. एवढ्या वर्षांत खालून मशीन पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी उरलेल्या तिघींना फोन केले. पहिली म्हणाली, जानेवारीत दिलीस तरी चालेल. दुसरीही तेच म्हणाली, वर सूप घेऊन आली. म्हणजे नाताळची तारीख त्यांनी मागितलीच नव्हती, माझी मीच घातली होती. तिसरी रागावली, टॉप (तुकडे जोडून केलेला वरचा थर) परत घेऊन गेली आणि पुन्हा फिरकली नाही. ती गेल्यानं माझं काय बिघडलं, हे मला आजवर सापडलेलं नाही.

म्हणून पहिलं काम त्या वहीवर कर. प्रत्येकीला फोन करून एकच विचार: कधी हवी आहे? 'कधीपर्यंत देऊ' असं विचारू नकोस, त्यात तू आधीच वाकलेली असतेस.

दुसरं काम दराचं. कडेपासून कडेपर्यंत एकच नक्षी फिरवायचे चौरस इंचाला दीड सेंट घेतेस असं तू लिहिलंस. का, तर नवीन आहे म्हणून, आणि तुझ्या गावातली दुसरी बाई दोन घेते म्हणून. आता हिशेब बघ. ६० बाय ७२ ची क्विल्ट म्हणजे ४,३२० चौरस इंच. दीड सेंटनं होतात ६४ डॉलर ८० सेंट. माझ्या अडीच सेंटनं १०८. पाच क्विल्ट करून तुला ३२४ डॉलर मिळतात, मला तेच तीनमध्ये मिळतात. मधल्या दोन क्विल्ट तू पाठीच्या खर्चानं करतेस. वेळही धर: चढवायला पाऊण तास, शिवायला अडीच, उतरवून कापायला अर्धा, मेल-बिल-पार्सल अर्धा. सव्वाचार तास झाले. तुझ्या दरानं तासाला पंधरा डॉलर पडतात, आणि त्यातूनच दोरा, सुया, मशीनचा हप्ता. शिवाय निव्वळ नफ्याच्या बहुतेक भागावर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःचा धंदा करणाऱ्यांचा कर), आयकर निराळाच. तो विसरू नकोस. मी पहिल्या वर्षी विसरले होते, एप्रिलमध्ये रडले.

दर वाढवल्यावर दोघीतिघी जातील. जाऊ देत. इथे आयोवात मी शिकले ते असं, की ज्या बाईनं चार महिने बसून टॉप जोडलेला असतो ती चाळीस डॉलरसाठी दुसरीकडे जात नाही, तिला तिची क्विल्ट सरळ आणि विनासुरकुती हवी असते. बॅकिंग, म्हणजे खालचं कापड, चारी बाजूंनी चार इंच जास्त हवं, इस्त्री करून हवं, लोंबणारे दोरे कापून हवेत, हेही लिहून दे. नाहीतर ती कामंही तूच वाकून करशील आणि त्याचे पैसे मागायची तुला लाज वाटेल.

२००८ मध्ये हॅमिल्टन, मिसुरीत मुलांनी आईला लाँगआर्म (हे आपलं फ्रेमवरचं मशीन) घेऊन दिली आणि त्यातून मिसुरी स्टार ही क्विल्टच्या कापडाची कंपनी उभी राहिली, ही गोष्ट तुलाही कुणीतरी ऐकवली असेलच. मलाही मशीन विकणाऱ्यानं ऐकवली होती. छान गोष्ट आहे. पण त्या एका कंपनीमागे हजार बेसमेंटं अशी असतात, जिथे एकच बाई असते, आणि ती आजारी पडली की दुकान बंद.

आता उभं राहण्याचं. माझी आजी कराडकडची. वाकळ घालायची म्हणजे अंगण झाडून जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडेनं धावदोरा धरायचा आणि आत आत सरकत जायचं. वाकळ जागची हलायची नाही, आजी तिच्याभोवती फिरायची. थोडा वेळ मांडी, मग एक पाय लांब, मग उकिडवी, मग उठून चहा, मग दुसऱ्या बाजूनं. दिवसभर बसून असायची असं आपण म्हणतो, पण ती एका जागी अर्धा तासही नसायची. लाँगआर्मनं नेमकं हेच घेतलं. मशीन रुळावरून सुळकन पळतं आणि आपण मात्र खांदे वर, मान खाली, गुडघे ताठ करून एका आसनात गोठतो. रांग शिवताना निदान आडवं चालणं तरी होतं. खरी वाट लागते ती एकाच चौकटीत रूलर लावून बारीक काम करताना.

तेव्हा फ्रेमची उंची आधी बदल. विकणाऱ्यानं जी लावून दिली, ती त्याच्या उंचीची आहे. रोजचे बूट घालून समोर उभी राहा, खांदे सोड, कोपर अंगाजवळ काटकोनाला जरा सैल ठेव. हात जिथे येतील तिथे मशीनच्या मुठी आल्या पाहिजेत. मग मागच्या बाजूला जाऊन तेच बघ. पँटोग्राफ, म्हणजे कागदावर छापलेली नक्षी, मागून चालवताना लेझरचा ठिपका कागदावरच्या रेघेवरून न्यायचा असतो, नजर तासन्‌तास खाली, म्हणून तिथे मान आधी जाते. समोरची आणि मागची उंची जमत नसेल तर ज्या बाजूला हात वर जातात तिथे पूर्ण लांबीची लाकडी फळी टाक. पूर्ण लांबीची म्हणतेय. मी अर्धीच टाकली होती, नक्षीच्या नादात तिच्यावरून उतरले आणि घोटा मुरगळला. फ्रेम भिंतीपासून किमान तीन फूट पुढे ओढ, वॉशिंग मशीन सरकवावं लागलं तरी.

सिमेंटवर दोन्ही बाजूंना उभं राहायच्या जाड रबरी चटया घाल. अनवाणी अजिबात नको, घरातले म्हणून वेगळे बूट ठेव. रूलरचं काम उंच, चाकाच्या स्टुलावर बसून कर. चटईवर चाकं अडतात, तेव्हा त्या वेळेपुरती चटई उचल. बसायचं नसेल तर स्वयंपाकघरातला पाट आण, एक पाय त्यावर, थोड्या वेळानं दुसरा. गावाकडून आणलेला पाट मी दहा वर्षं देवापुढे ठेवला होता, आता तो फ्रेमखाली असतो. देव खाली चौरंगावर खूश आहेत. चटया, स्टूल, चांगला दिवा हे सगळं धंद्याचा खर्च म्हणून लाव, पावत्या ठेव.

घड्याळ लाव, पण मिनिटांचं नाही, बॉबिनचं. बॉबिन संपली की मशीन कडेला आण, स्टुलावर बसून बदल, मग जिना चढून वर जा आणि पाणी पिऊन ये. खाली वाकून, हात आत घालून चाचपडत बॉबिन बदलायची नाही. दोन बॉबिन झाल्या की ते काम तिथेच सोड, रांग अर्धी असली तरी. रांग पळून जात नाही.

आणि जमिनीवर काही कापायचं नाही. माझी उसण तिथली आहे. कडा फ्रेमवर असतानाच मोठ्या कात्रीनं कापून घे, किंवा वर ओट्यावर ने. बॅकिंग टाचण्यांनी टोचत बसण्याऐवजी झिपवाले लीडर (रोलरला लावलेल्या कापडी पट्ट्या) घे, टेबलाशी बसून झिपची एक बाजू कापडाला लावायची आणि मग फ्रेमवर नुसती ओढायची. टॉप खालच्या रोलरला लावायची गरज नसते, तो वरून मोकळा सोडून पहिली ओळ सरळ बसवली की पुरे. एक अख्खं टोचणं वाचतं. बॅटिंगचा रोल तू उचलायचा नाही, नवऱ्यानं फ्रेमखालच्या दांड्यात एकदाच अडकवून द्यायचा. उसवायचं असलं की खिडकीशी खुर्चीत. आणि मुलगा दोन वर्षांचा आहे ना? त्याला कडेवर घेऊन एका बाजूला झुकत जिना उतरतेस, तेही याच खात्यात धर. तो आपल्या पायांनी उतरायला शिकला की तुझं निम्मं दुखणं जाईल, असं मला उगीच वाटतं.

दुखण्याबद्दल थोडं गंभीरपणे. एमआरआय केलास आणि एक चकती फुगली आहे म्हणालीस, तू फारच घाबरलेली वाटलीस. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांचं काहीही दुखत नाही अशा विशीतल्या माणसांतही सुमारे ३० टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या, ऐंशीच्या घरात ८४ टक्के. त्यामुळे रिपोर्ट हाच आजार नव्हे. पडून राहू नकोस, हळूहळू चालती राहा. फिजिकल थेरपिस्टकडे जा, डॉक्टरांची चिठ्ठी नसली तरी सगळ्या राज्यांत कमीजास्त प्रमाणात जाता येतं. विमा पैसे देतो का, हे मात्र आधी फोन करून विचार. जाताना तुझा वाकून काम करतानाचा व्हिडिओ घेऊन जा. मी नेला होता. नाहीतर त्यांना क्विल्ट म्हटलं की आरामखुर्चीत सुईदोरा घेऊन बसलेली आजीच दिसते आणि ते तसेच व्यायाम देतात. आयबुप्रोफेन आठवडेच्या आठवडे मनानं खात राहू नकोस, पोट आणि किडन्या तुझ्याच आहेत. पण लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेना, यातलं काहीही झालं तर मला मेल करायची नाही, त्याच रात्री इमर्जन्सीत जायचं.

तुझं एच-४ व्हिसावरचं ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं, कार्ड कधी संपतं ते दर वाढवायच्या आधी बघ. ते संपल्यावर एकही बिल करायचं नाही. नूतनीकरणाच्या तारखेच्या आसपास कुणाचं काम कबूल करू नकोस. माझ्या वेळी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी व्हिसामागे, आलेल्या बायकांना काम करताच यायचं नाही, त्यांतल्या काहींसाठी ती सोय २०१५ मध्ये झाली. मी सात वर्षं नुसत्या शेजारणींच्या क्विल्ट बघत काढली, म्हणून हे तुला बजावून सांगतेय.

पट्टा आणायचाच असेल तर आण, मशीन हलवायच्या दिवशी वापर, एरवी खुंटीला.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल कर. फोन त्या खांबाला टेकवून ठेव आणि बूट घालून फ्रेमपुढे उभी राहा. वही हातात असू दे, चौदा नावं आपण दोघी मिळून बघू. सात उरली तरी पुष्कळ.

तुझी,
मावशी

ता. क. तुझी आई पायाळू आहे, हे तुला कुणी सांगितलंय का? हॉस्टेलवर कुणाची पाठ धरली की सगळ्या तिच्या खोलीबाहेर रांग लावायच्या आणि ती अभ्यास करता करता एकेकीच्या पाठीला पाय लावायची, पुस्तकातून मानसुद्धा वर न करता. डिसेंबरात पुण्याला जाशील तेव्हा लावून घे. गुण आला तरी थेरपिस्टला सांगू नकोस, त्यांना ते बिलात कुठे लिहायचं कळणार नाही.