मूकपटात बस्टर कीटनचा चेहरा तर हलतच नाही, मग त्याला एवढा मोठा नट का म्हणतात?

तुम्ही लिहिलंय की मित्राच्या सांगण्यावरून कीटनचा एक मूकपट लावलात, वीस मिनिटांत बंद केलात, आणि आता विचारताय की ज्याच्या तोंडावरची रेष हलत नाही त्याचा अभिनय बघायचा तरी कुठे. मला तो कुठे बघायचा हे आमच्या आप्पांनी दाखवलं. थोडं लांबेल, पण सांगतो.

मी भुसावळचा. आप्पा रेल्वेत होते. वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले, पुढे ड्रायव्हर झाले आणि विजेच्या गाड्या चालवून रिटायर झाले. आता वय ८४. ऐकू फार कमी येतं आणि कानात मशीन घालायचा त्यांना वैताग, म्हणून टीव्हीसमोर बसले तरी दहा मिनिटांत उठून ओट्यावर जातात. गेल्या मे महिन्यात, बाहेर पाय ठेवायची सोय नाही अशा एका दुपारी, मी कीटनचा 'द जनरल' लावून बसलो होतो. १९२६ सालचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धातली, १८६२ची गोष्ट. जॉनी ग्रे नावाच्या ड्रायव्हरचं इंजिन शत्रूचे हेर पळवतात आणि हा एकटा त्यांच्यामागे लागतो. आप्पा पलंगावर आडवे होते. पडद्यावर इंजिन आल्यावर कुशीवर वळले.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. जॉनीला फौजेत घेत नाहीत, कारण ड्रायव्हर म्हणून तो जास्त कामाचा. पण हे कारण त्याला कुणी सांगत नाही. त्याची ॲनाबेल त्याला भित्रा समजते आणि सांगते, अंगावर वर्दी चढल्याशिवाय माझ्याशी बोलायचं नाही. तो जाऊन इंजिनाच्या साइड रॉडवर बसतो, म्हणजे चाकांना एकमेकांशी जोडणारा तो लांब दांडा असतो ना, त्यावर. खांदे पडलेले, नजर जमिनीकडे. तेवढ्यात इंजिन हलतं. दांडा वर जातो, खाली येतो, आणि दांड्यासोबत हाही बसल्या बसल्या वर जातो, खाली येतो. त्याला पत्ताच नाही. इंजिन शेडच्या तोंडाशी पोचतं तेव्हा कुठे त्याच्या लक्षात येतं, आणि तसाच तो आत दिसेनासा होतो.

मी हसलो. आप्पा उठून बसले. मला म्हणाले, "मागं घे." मी मागं घेतलं. पुन्हा बघितलं. मग विचारलं, "हे इंजिन खरं हाये का?" मी मान हलवली. "मंग चालवत कोन व्हता?"

इतकी वर्षं मी तो प्रसंग बघत आलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आप्पांनी हाताने रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायचा दांडा, उघडायची खूण करून समजावलं. उभं इंजिन हलवताना वाफ जराशी जास्त सुटली की चाकं रुळावर पकड घेत नाहीत, जागच्या जागी गरगर फिरतात. म्हणून तर रुळावर वाळू सोडायची सोय असते. चाक फिरलं की दांडाही तेवढ्याच वेगाने फिरणार, आणि वर बसलेला माणूस भिरकावला जाणार. "चाक सटकलं त माणूस गेला बॉ," ते म्हणाले. आत जो कुणी ड्रायव्हर होता त्याचा हात किती हलका असेल, याचं त्यांना जास्त कौतुक. पण मला त्या क्षणी बाहेरचा माणूस नव्याने दिसला. त्याला हा धोका पुरता ठाऊक होता. तरी त्याची पाठ ताठ झालेली नाही, बोटं दांड्याला आवळलेली नाहीत, मान आपोआप सावरत नाही. घरात वाईट बातमी आल्यावर माणूस उंबऱ्यावर बसतो तसा तो बसलाय. शरीराला जीवाची भीती असताना ते दुःखाने सैल पडलेलं दाखवायचं, हा अभिनय आहे, आणि तो चेहऱ्याने करता येत नाही.

चेहऱ्याचं म्हणाल तर त्याची गोष्ट जुनी आहे. कीटन १८९५चा. आईबाप रंगमंचावर खेळ करणारे, हा अगदी लहानपणापासून त्यांच्यासोबत. 'द थ्री कीटन्स' नावाने त्यांचा खेळ चालायचा. खेळ असा की खोडकर पोराला बाप उचलून फेकतो. पकडायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्याला पाठीवर बॅगेची मूठ शिवलेली असायची. त्या वयातच त्याच्या ध्यानात आलं की फेकल्यावर आपण हसलो तर लोक गप्प बसतात, आणि गंभीर राहिलो तर लोटपोट होतात.

हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. जत्रेतल्या तमाशात सोंगाड्या सरदाराला उलटं उत्तर देतो तेव्हा सगळा मंडप हसतो आणि हा मात्र भोळ्या तोंडाने बघत राहतो, की यात हसण्यासारखं काय झालं. ज्या सोंगाड्याला स्वतःच्याच बोलण्याचं हसू फुटलं, त्याची बारी पडली. कीटनने तेच केलं, पण त्याच्याकडे बोलणं नव्हतं. त्यामुळे सगळा भार अंगावर आला.

त्याच काळात आपल्याकडे दुसऱ्या तऱ्हेचं काम चाललं होतं. दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' १९१९चा. त्यात कृष्ण झालेली त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी सुरुवातीलाच नुसत्या चेहऱ्याने एकामागून एक भाव करून दाखवते. हेही जरूर बघा. इवलीशी पोर, पण चेहरा पाण्यासारखा बदलतो. तिथे चेहरा तुम्हाला सगळं सांगतो. कीटनचा चेहरा काही सांगत नाही, म्हणून तुम्ही त्याच्या मनात शिरून शोधायला लागता. मला दोन्ही आवडतं. पण दुसऱ्याची सवय लागायला वेळ लागतो, आणि तुमची वीस मिनिटं तिथेच अडली असं मला वाटतं.

आणि त्याचा चेहरा हलत नाही हे अर्धंच खरं आहे. डोळे बघा. आधी तो बघतो, मग क्षणभर थांबतो, मग त्याला उमगतं, मग हात चालतो. या चार पायऱ्या तो एकही गाळत नाही. 'द जनरल'मध्येच पळवणारे लोक रुळावर स्लीपर, म्हणजे रुळांखाली घालतात ते जाड लाकडी ओंडके, टाकत जातात. जॉनी उतरून पहिला स्लीपर कसाबसा उचलतो, इतक्यात मागून त्याचंच इंजिन हळूहळू येतं आणि त्याला इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर अलगद उचलून घेतं. आता हा जाळीवर, मांडीवर स्लीपर, आणि समोर रुळावर दुसरा आडवा पडलेला. उतरायला वेळ नाही. तो बघतो, थांबतो, मग हातातला स्लीपर उंच धरून खालच्याच्या टोकावर असा आपटतो की दोन्ही उडून बाजूला. इंजिन चालतच राहतं. हे सगळं एका सलग शॉटमध्ये आहे. नेम चुकला असता तर इंजिन त्याच्यासकट रुळावरून उतरलं असतं. आप्पांनी इथे तोंडातून 'च्च' काढला. बायकोने भाजीत मीठ बरोबर टाकलं की काढतात तसा.

आप्पा खळखळून हसले ते मात्र वेगळ्या जागी. ॲनाबेल त्याच्यासोबत इंजिनावर असते आणि जॉनी तिला भट्टीत लाकडं टाकायला सांगतो. ते लाकडावर चालणारं इंजिन आहे. मागे शत्रू लागलाय आणि ही बाई फूटप्लेट, म्हणजे ड्रायव्हर उभा राहतो ती जागा, झाडून काढतेय. लाकूड हातात घेते, त्याला भोक दिसतं म्हणून फेकून देते. जॉनी एक इवलीशी ढलपी उचलून तिला देतो. ती तेवढ्याच गांभीर्याने ती भट्टीत टाकते. हा तिचा गळा धरतो, हलवतो, आणि त्याच दमात तिचं चुंबन घेतो. राग आणि माया यांच्यामध्ये डोळ्याची पापणी लवण्याएवढाही वेळ नाही. ॲनाबेल झालेल्या मेरियन मॅकचंही यात श्रेय आहे, ती एकदाही 'बघा मी कशी वेडी' असं दाखवत नाही. आप्पांना त्यांच्या वेळचा नवा फायरमन आठवला. कोळसा पातळ पसरायचा असतो, थोडा थोडा, कोपऱ्यापर्यंत. नवं पोरगं बेलचाभर कोळसा दारातच ओतायचं आणि वाफ खाली यायची. पुढचा अर्धा तास पडद्याकडे लक्ष कमी आणि बोलणं जास्त झालं. ते इतकं सलग बोलल्याला कितीतरी महिने झाले होते.

माझं म्हणणं यावरून तुमच्या ध्यानात आलं असेल. कीटन कामात गढलेला माणूस आहे. लोको शेडमध्ये पाना घेऊन उभ्या असलेल्या फिटरचा चेहरा कधी बघितलाय? त्यावर आनंद, दुःख काही नसतं. समोरच्या यंत्राशी त्याचं बोलणं चाललेलं असतं. कीटनचा चेहरा तो आहे. तो तुमच्याकडे बघतच नाही. चॅप्लिन बघतो, तुमचं मन जिंकून घेतो, आणि ते त्याला फार सुंदर जमतं. कीटनला तुम्ही हसाल की नाही याची फिकीर दिसत नाही, त्याला पुढचा स्लीपर उचलायचाय.

आणि जे करतो ते खरोखर करतो. आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात गावोगावी बारागाड्या ओढतात. एकामागे एक बांधलेल्या गाड्या, वर माणसं लादलेली, पुढे भगत, आणि दोन्ही बाजूंना छाती धडधडत उभं असलेलं गाव. ती धडधड खऱ्यासाठी असते. 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये, १९२८ साली, वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि वरच्या उघड्या खिडकीतून तो जसाच्या तसा उभा राहतो. भिंत सुमारे दोन टनांची होती. खिडकी आणि खांदा यांत काही इंचांचं अंतर. पाय कुठे ठेवायचे ते आधी मोजून ठरवलेलं. तो बरोबर तिथे उभा राहतो, पण उभं राहण्यात 'मी मोजून उभा आहे' हे दिसत नाही, वादळाने भांबावलेला माणूस दिसतो. कॅमेरा लांब आहे, डोक्यापासून पायापर्यंत तो पूर्ण दिसतो, मध्ये कट नाही. जोखमीच्या जागी तो मुद्दाम असंच चित्रण करायचा, की बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटू नये. 'शरलॉक ज्युनियर'च्या (१९२४) वेळी पाण्याच्या टाकीचा लोंढा मानेवर येऊन तो रुळावर आपटला. डोकं दुखत राहिलं, काम चालूच ठेवलं. मानेचं हाड मोडलं होतं हे पुढे कित्येक वर्षांनी एक्स-रेत कळलं. याचं कौतुक करावं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. आप्पांचं मत स्पष्ट आहे, की ज्याने असं करू दिलं तो मुकादम वाईट.

'द जनरल'मधली एक गोष्ट मला खटकते, तीही सांगून ठेवतो. नायक दक्षिणेच्या बाजूचा आहे, म्हणजे ज्या बाजूने गुलामगिरी टिकवण्यासाठी युद्ध केलं त्या बाजूचा. त्याबद्दल चित्रपट अवाक्षर काढत नाही. हे मनात ठेवून बघावा लागतो. तेव्हा तो चाललाही नाही. शेवटी खरं इंजिन खऱ्या पुलावरून नदीत पाडलंय, खर्च अफाट झाला होता. पुढे १९२८मध्ये कीटन एका मोठ्या कंपनीच्या पगारावर गेला, आणि स्वतःच्या मनाने काम करायची मुभा गेली. लोकांनी त्याला पुन्हा डोक्यावर घेतलं ते म्हातारपणी. १९६६ला तो गेला.

तुम्ही बघितलेली प्रत कशी होती माहीत नाही, पण सगळे धावत असल्यासारखे दिसत असतील तर दोष नटाचा नाही. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे, सेकंदाला कधी १६ चित्रं, कधी वीसबावीस. तेच पुढे २४च्या वेगाने दाखवलं की माणसं तुरुतुरु पळतात. नीट दुरुस्त केलेली, सोबत वाद्यसंगीत असलेली प्रत शोधा. हे चित्रपट मुळात शांततेत कुणी बघितलेच नव्हते. आपल्याकडेही पडद्याशेजारी पेटी-तबला असायचा.

आणि सव्वा तासाच्या चित्रपटाने सुरुवात करू नका. 'वन वीक' बघा, १९२०चा, वीसएक मिनिटांचा. नवराबायकोला लग्नात सुट्या भागांचं घर मिळतं, कुणीतरी खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतं आणि घर वेडंवाकडं उभं राहतं. शेवटी ते घर ओढून नेताना रुळांवर अडकतं आणि लांबून गाडी येते. पुढचं सांगत नाही. फक्त तेव्हा कीटनच्या खांद्यांकडे बघा, चेहऱ्याकडे नको. आप्पांना हा अजून दाखवायचा राहिलाय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी पोराबाळांना घेऊन येतील तेव्हा पुढच्या खोलीत मोठ्या टीव्हीवर लावायचा विचार आहे. रुळाचा प्रसंग आला की आप्पा पहिल्यांदा काय विचारतील ते मला माहीत आहे: सिग्नल कुठाय?